आधी मोकळी जागा, मग खोल्या

रत्नागिरीच्या टिळक आळीत, झाडगावात, परटवण्यात किंवा राम आळीच्या आसपास जुने कौलारू घर उतरवले की त्या जागी तीन-चार मजली इमारत उभी राहते. या बदलाला माझा विरोध नाही. बाजार, शाळा, दवाखाने आणि एस.टी. स्थानक पायी अंतरावर असलेल्या वस्तीत एका घराच्या जागी सात-आठ कुटुंबे राहू लागली, तर कुवारबाव-नाचण्याच्या बाजूचा कातळ आणि तिथल्या बागा तेवढ्या वाचतात. अडचण प्लॉटच्या आकारात आहे. वाटणी होताना प्रत्येक भावाला रस्त्यावर तोंड हवे असते आणि मागच्या विहिरीकडे, माडांकडे जायची वाटही हवी असते. त्यामुळे जमिनीच्या लांबच लांब पट्ट्या पडतात. अशा पट्टीवर इमारत आखताना फ्लॅट किती बसतात ते आधी मोजले जाते, आणि उरेल ती जागा हवा-उजेडाच्या वाट्याला येते. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ या क्रमात आहे. अरुंद प्लॉटवर मोकळी जागा आधी आखावी आणि खोल्या तिच्याभोवती बसवाव्यात. जो हे करत नाही, तो पहिल्या वर्षी चार फूट कमावतो आणि पुढची तीस वर्षे ओल, अंधार आणि दुरुस्तीच्या खर्चात ते फेडत राहतो. प्लॉटचे मालक, लहान बिल्डर आणि फ्लॅट घेणारे या तिघांसाठीही हे लिहीत आहे, कारण निर्णय एक घेतो आणि त्याचे परिणाम दुसरा भोगतो.

हिशेबासाठी एक प्लॉट धरू : रुंदी ९ मीटर, खोली ३० मीटर, क्षेत्र २७० चौरस मीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर आणि पुढे-मागे तीन-तीन मीटर सोडले, तर इमारतीला ६ मीटर रुंद आणि २४ मीटर लांब जागा मिळते. खाली पार्किंगचा ३ मीटर उंचीचा मजला, वर ३-३ मीटरचे चार मजले, म्हणजे उंची १५ मीटर. प्रत्येक मजल्यावर १४४ चौरस मीटर पूर्ण भरून टाकले की पुढे एक आणि मागे एक असे दोन फ्लॅट बसतात आणि जिना-लिफ्ट मध्ये येते. कागदावर हे नेटके दिसते. आता शेजारच्या पट्टीवरही अशीच इमारत उभी राहिली, असे धरून चाला. जुन्या वस्तीत ते आज ना उद्या होतेच. मग दोन भिंतींमध्ये उरते ३ मीटरची फट, १५ मीटर उंच आणि २४ मीटर लांब. पुढच्या फ्लॅटची बैठकीची खोली रस्त्याकडे उघडते, मागच्या फ्लॅटची परसाकडे. बाकी सारे, म्हणजे स्वयंपाकघर, एखादी झोपायची खोली, न्हाणीघर आणि जिना, त्या फटीच्या भरवशावर राहते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की ती फट किती उजेड आणि वारा देऊ शकते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी शोधले गेले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या चाळींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे तेव्हा कुठे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या खोल्यांत राहणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत कामाला गेलेली माणसे फार मोठ्या संख्येने होती, हे आपण विसरू नये. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरांतल्या हवा-उजेडाचा प्रश्न लावून धरला आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढली, तर तिच्या आड समोरची इमारत येता कामा नये, असा तो नियम. साध्या भाषेत सांगायचे तर समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको. आपल्या प्लॉटला हा नियम लावून पाहा. फट ३ मीटर, म्हणून समोरची भिंत जास्तीत जास्त ६ मीटर चालेल. राहत्या चार मजल्यांपैकी वरचे दोनच या कसोटीला उतरतात. खालच्या दोन मजल्यांवर, म्हणजे निम्म्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी दिवा लावल्याशिवाय भाजी निवडता येणार नाही. आणि वयस्कर माणसे लिफ्ट बंद पडण्याच्या भीतीने नेमके हेच खालचे मजले मागतात.

अरुंद फटीवर किंवा डक्टवर राहत्या खोल्या सोपवण्याचा प्रयोग न्यू यॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. तिथला ठरावीक प्लॉट २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल, म्हणजे आपल्या पट्टीच्या जवळपास तोच घाट. १८७९च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची केली. ती अट पुरी करण्यासाठी जेम्स वेअर यांच्या आराखड्याप्रमाणे मध्ये कंबर किंचित आत घेतलेल्या हजारो इमारती बांधल्या गेल्या. दोन शेजारी इमारतींमध्ये मिळून जेमतेम पाच फुटांची खोल विहीर उरली. तिच्यात उजेड तळाला पोचला नाही, कचरा मात्र पोचला. खिडक्या समोरासमोर आल्याने आवाज आणि वास एका घरातून दुसऱ्या घरात गेले, आणि आग लागली की तीच फट धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढू लागली. अखेर १९०१ च्या कायद्याने असल्या फटी बंद केल्या आणि मोठे चौक सोडायला लावले. खिडकी असणे आणि उजेड मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शहराला बावीस वर्षांत कळले. आपली राष्ट्रीय इमारत संहिताही हेच सांगते. उष्ण आणि दमट हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांश एवढी उघडी खिडकी असावी, आणि खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडचा भाग उजेडाचा मानू नये, असे ती म्हणते. १८ मीटर उंचीपर्यंत दीड मीटर रुंद आणि ४ चौरस मीटरचा डक्ट ती चालवून घेते, पण तो न्हाणीघर आणि संडासाच्या हवेसाठी. त्याच डक्टवर स्वयंपाकघराची किंवा झोपायच्या खोलीची खिडकी काढणे म्हणजे संहितेचा आधार घेऊन संहितेच्या हेतूला बगल देणे होय.

मग करावे काय? इमारतीच्या बरोबर मध्यावर, एका बाजूने, ६ मीटर लांब आणि ३ मीटर आत अशी खाच सोडावी. तिच्या पाठीला उरलेल्या ३ मीटर रुंदीत जिना आणि लिफ्ट बसवावी. पुढे ९ मीटर आणि मागे ९ मीटर लांबीचे दोन फ्लॅट राहतात, प्रत्येकी सुमारे ५४ चौरस मीटरचे. खाचेपुढे आपले दीड मीटर आणि शेजाऱ्याचे दीड मीटर मिळवले की सहा बाय सहा मीटरची मोकळी जागा तयार होते. आता साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुन्हा लावा : ६ मीटरच्या दुप्पट १२ मीटर, आणि पहिल्या राहत्या मजल्याच्या वर समोरची भिंत नेमकी १२ मीटर उरते. चारही मजले कसोटीला उतरतात. पुढच्या फ्लॅटला रस्त्याकडून आणि खाचेकडून, मागच्याला परसाकडून आणि खाचेकडून, असा दोन्ही टोकांनी उजेड मिळतो. कुठलाही कोपरा खिडकीपासून साडेचार-पाच मीटरपलीकडे जात नाही. दुपारचे खारे वारे एका बाजूने आत येतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. चारी बाजूंनी बंद डक्टपेक्षा बाजूने उघडी खाच मला यासाठीच बरी वाटते. तिच्यात हवा तुंबत नाही, तळाला माणूस चालत जाऊन झाडू शकतो आणि जिन्यालाही दिवसा दिव्याची गरज लागत नाही. क्योटोच्या जुन्या अरुंद घरांतली छोटी अंगणे किंवा अहमदाबादच्या पोळांतले चौक याच गरजेतून आले. पट्टी जितकी लांब, तितकी मध्ये मोकळी जागा हवी, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. खाचेत प्रत्येक मजल्यावर १८ चौरस मीटर जातात, म्हणजे बांधता येणाऱ्या जागेचा आठवा भाग. जमिनीचे भाव पाहता आठवा भाग सोडणे सोपे नाही. पण सोडण्याआधी एक भागाकार करावा. चारही मजले पूर्ण भरले तर ५७६ चौरस मीटर बांधकाम होते; २७० ने भागले की ढोबळमानाने २.१३ एवढा चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) लागतो. खाच सोडली तर तो १.८७ वर येतो. आपल्या प्लॉटला रस्त्याची रुंदी आणि प्रीमियम धरून प्रत्यक्ष किती निर्देशांक मंजूर होणार, हे नगर परिषदेच्या नगररचना विभागात आधी तपासावे. तो १.८७ च्या आतच असेल, तर खाच सोडून एक चौरस फूटही गमावला जात नाही. बांधकाम फक्त दुसरीकडे सरकते. निर्देशांक त्याहून जास्त मिळत असेल, तेव्हा नुकसान खरे आहे. तरीही उजेडी ५४ चौरस मीटर आणि अंधारे ६३ चौरस मीटर यांची तुलना पहिल्या विक्रीच्या दिवशी करून भागत नाही. भाडेकरू टिकतो का, दहा वर्षांनी तो फ्लॅट पुन्हा विकताना गिऱ्हाईक किती वेळ थांबते, यावर त्याची खरी किंमत ठरते. लहान शहरात प्रत्येक इमारतीची ख्याती तोंडोतोंडी पसरते आणि बिल्डरच्या पुढच्या कामाला ती चिकटते.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. एलईडी दिवे स्वस्त झाले, एक्झॉस्ट फॅन आहेत, एसी घरोघरी लागतात. मग खिडकीचा एवढा आग्रह कशाला, असे विचारले जाते. पहिली गोष्ट, एसीचे बाहेरचे युनिट त्याच ३ मीटरच्या फटीत गरम हवा सोडते. एकाची खोली गार करताना समोरच्याची खिडकी बंद करावी लागते आणि मग त्यालाही एसी घ्यावा लागतो. दुसरी, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे लोकांनी कित्येक दिवस विजेविना काढले, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते या किनाऱ्यावरून गेले. ज्या घराचा श्वास विजेवर चालतो, ते घर नेमक्या संकटाच्या वेळी राहण्याजोगे उरत नाही. तिसरी गोष्ट रत्नागिरीची खास आहे. इथले बरेच फ्लॅट मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांचे असतात. गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी बंद. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद राहिलेल्या खोलीत पंखा कोण लावणार? तिथे भिंतींवर, गाद्यांवर आणि लाकडावर बुरशी चढते. खिडकीच्या वर कायम उघडी राहणारी, पाऊस न घेणारी लुव्हरची झडप आणि समोरासमोर वाऱ्याची वाट, एवढेच बंद घराला वाचवू शकते. ही वाट नकाशातच ठेवावी लागते. नंतर भिंत फोडून ती मिळत नाही.

आता पावसाकडे आणि खाऱ्या हवेकडे वळू, कारण अरुंद फटीचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ चार महिन्यांत उरकतो. जुन्या घरांना उतरते छप्पर, भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेल्या पागोळ्या आणि पडवी होती, कारण चिऱ्याची भिंत भिजू द्यायची नाही हे त्या बांधणीचे पहिले सूत्र होते. आजची सिमेंटची भिंत १५ मीटर उघडी उभी असते. तिला तडा गेला, गिलावा फुगला, पाइप गळू लागला, तर दुरुस्तीसाठी परांची बांधावी लागते. दीड मीटरच्या मार्जिनमध्ये दोन्हीकडचे छज्जे, सांडपाण्याचे पाइप आणि कुंपणाची भिंत वजा केली की परांचीला आणि माणसाला जागाच राहत नाही. अनेक जुन्या जागांत मार्जिन एक मीटरही नसते. ज्या भिंतीपर्यंत गवंड्याचा हात पोचत नाही, ती भिंत राखता येत नाही, आणि समुद्राकाठी न राखलेली भिंत आतल्या सळईपर्यंत जाऊन थांबते. क्षारांमुळे सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर पडतो. भारतीय मानक ४५६ किनाऱ्यावर उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात धरते. तिथे किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर लागते. गावात सर्रास चालणारे एम-२० आणि वीस-पंचवीस मिलिमीटरचे कव्हर इथे पुरेसे नाही. फटीकडच्या कॉलमला तर हे नियम काटेकोर लावावेत, कारण तो भाग पावसाळाभर वाळत नाही आणि तिथे पुन्हा पोचणेही कठीण. माझा साधा दंडक असा : नकाशातल्या प्रत्येक बाहेरच्या भिंतीपुढे बोट ठेवून विचारावे, वीस वर्षांनी ही भिंत रंगवायला माणूस कुठे उभा राहील? उत्तर नसेल तर ती भिंत तिथे नको.

तळमजला हा या इमारतीचा खरा कस आहे, म्हणून त्याचा नकाशा सर्वांत आधी काढावा. गाडीला अडीच बाय पाच मीटरची जागा लागते. ती आडवी लावायची तर पाच मीटर गाडीचे आणि वळायला आणखी पाच-सहा मीटर हवेत. आपला सगळा प्लॉटच ९ मीटरचा आहे. म्हणजे गाड्या लांबीच्या दिशेनेच उभ्या राहणार. कॉलम, जिना, लिफ्ट आणि पाण्याची टाकी वजा जाता तीन-चार गाड्यांपलीकडे मजल जात नाही. यांत्रिक पार्किंगचा उपाय सुचवला जातो, पण खाऱ्या हवेत लोखंडी यंत्राची देखभाल आठ कुटुंबांच्या वर्गणीत झेपणारी नाही. त्याहून अवघड प्रश्न सांडपाण्याचा. इथल्या बहुतेक इमारती सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर चालतात. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून किमान ६ मीटर दूर हवा. आठ कुटुंबे, प्रत्येकी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोजचा वापर चार हजार लिटरच्या वर जातो. जांभा सच्छिद्र आहे. त्यात सोडलेले पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तीन मीटरच्या मागच्या मार्जिनमध्ये ६ मीटरची अट बसूच शकत नाही, हे उघड आहे. त्यामुळे एक तर मागचे परसू मोठे ठेवून इमारतीची लांबी कमी करावी, नाहीतर लहान सांडपाणी प्रक्रिया संयंत्राचा खर्च आणि त्याची जागा पहिल्या दिवसापासून धरावी. टँक रस्त्याच्या बाजूला ठेवावा, म्हणजे मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचतो. आणि जुनी विहीर बुजवू नये. १४४ चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्यात चार लाख लिटरहून अधिक पाणी पडते. शीळ धरणाची पातळी उतरून उन्हाळ्यात पाणीकपात होते, तेव्हा या पाण्याची आणि त्या विहिरीची किंमत कळते.

इमारतीच्या ताकदीबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. खाच सोडली की इमारतीची कंबर ३ मीटरवर येते आणि भूकंपात दोन भाग वेगवेगळे हलू पाहतात, असा आक्षेप स्ट्रक्चरल इंजिनिअर घेईल. तो बरोबर आहे. त्याचे उत्तर जिना-लिफ्टच्या दोन्ही टोकांना इमारतीच्या रुंदीच्या दिशेने काँक्रीटच्या सलग भिंती देणे, पुढच्या-मागच्या भागांतही तशाच भिंती सारख्या अंतराने ठेवणे आणि कंबरेतला स्लॅब व बीम जास्त मजबूत करणे हे आहे. या भिंती खाच नसती तरी लागल्याच असत्या. सहा मीटर रुंद आणि १५ मीटर उंच इमारत रुंदीच्या दिशेने मुळातच दुबळी असते, आणि पार्किंगसाठी तळ मोकळा ठेवला की ती आणखी दुबळी होते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक इमारती कोसळल्या. त्यांत तळाला खांबांवर उभ्या असलेल्या पुष्कळ होत्या. कोयना आपल्यापासून लांब नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ चा धक्का या जिल्ह्याने अनुभवला आहे. त्यामुळे जिना एका टोकाला सरकवून मधली जागा फ्लॅटला जोडण्याचा मोह टाळावा. कडक भाग एका टोकाला गेला की इमारत पिळवटते. पाया खणतानाही शेजाऱ्याचे घर लक्षात ठेवावे. जुन्या चिऱ्याच्या भिंतींचे पाये उथळ असतात, आणि जांभ्याच्या कडक थराखाली अनेकदा मऊ माती लागते. खड्डा टप्प्याटप्प्याने, आधार देत आणि पावसाळ्याआधी बुजवता येईल असा खणावा. खणण्यापूर्वी शेजारच्या भिंतींचे फोटो दोघांच्या सहीने घेऊन ठेवले, तर पुढचे भांडण टळते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे, आराखडा नियमात बसतो, मंजुरी मिळते, मग चूक काय? डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिने जुन्या दाट वस्तीतल्या लहान प्लॉटना सवलती दिल्या आहेत. त्या आवश्यकही आहेत. राष्ट्रीय संहितेच्या तक्त्यात १५ मीटर उंचीला बाजूचे ५ मीटर अंतर सांगितले आहे. ते अक्षरशः लावले तर ९ मीटरच्या प्लॉटवर काहीच बांधता येणार नाही. पण सवलत मालकाची अडचण पाहून दिलेली असते. तिच्यामुळे सूर्याचा कोन बदलत नाही. मंजुरी म्हणजे किमान मर्यादा ओलांडली नाही एवढेच, आणि त्या मर्यादेच्या आत चांगले काय करायचे हे काम आखणाऱ्याचे आहे. फ्लॅट घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नाहीत, त्याला रेरा कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. आळीतल्या बहुतेक इमारती यातच येतात. म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर नकाशे पाहायला मिळणार नाहीत आणि ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधनही नसेल. तिथे ग्राहकाने स्वतःच मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, सर्व हिस्सेदारांची संमती आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र मागावे. फ्लॅट पाहायला जाताना जुलैत, दुपारी बारा वाजता, दिवे बंद करून पाहावा. नमुना फ्लॅट नेहमी वरच्या मजल्याचा दाखवतात. आपण दुसऱ्या मजल्याचे स्वयंपाकघर पाहायला मागावे.

एवढे सगळे मांडल्यावर एक उपाय उरतो, जो मला बाकी सर्वांपेक्षा मोलाचा वाटतो आणि जो सर्वांत कमी वापरला जातो : शेजाऱ्याशी बोलणे. दोन शेजारी पट्ट्या वेगवेगळ्या बांधल्या तर प्रत्येकी ६, मिळून १२ मीटर रुंदी मिळते, आणि मधली ३ मीटरची फट दोघांच्याही कामाची राहत नाही. त्याच पट्ट्या एकत्र केल्या तर १८ मधून बाहेरचे दीड-दीड मीटर वजा जाऊन १५ मीटर उरतात. २४ मीटर लांबीला हे ७२ चौरस मीटर दर मजल्यामागे जास्त. त्यातले अर्धे मधल्या चौकाला दिले, म्हणजे सहा बाय सहा मीटरचा चौक, तरी दोन्ही मालकांना मिळून ३६ चौरस मीटर नफ्याचे राहतात. गाड्या वळायला जागा होते, एक जिना आणि एक लिफ्ट वाचते, आणि सहा मीटर रुंदीची लुकडी इमारत धष्टपुष्ट होते. भाऊबंदकीत हे जमत नाही, कोर्टात दावे चालू आहेत, एक हिस्सेदार मुंबईला आणि एक परदेशात आहे, हे मला मान्य आहे. प्लॉट एकत्र होत नसतील, तर निदान दोघांनी आपापल्या खाचा समोरासमोर ठेवण्याचा आणि तिथे कधीही बांधकाम न करण्याचा करार नोंदवून घ्यावा. मग मधली मोकळी जागा ६ वरून ९ मीटर होते. तसेही १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे विनाअडथळा उपभोगलेल्या हवा-उजेडावर शेजाऱ्याचा हक्क तयार होऊ शकतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या खिडक्यांचा विचार आज ना उद्या करावाच लागतो. तो वकिलाच्या नोटिशीनंतर करण्यापेक्षा नकाशा काढण्याआधी करणे स्वस्त पडते.

म्हणून जो कोणी आळीतले घर उतरवून इमारत बांधायला निघाला आहे, त्याने कामाचा क्रम बदलावा. पहिली भेट शेजाऱ्याची घ्यावी. दुसरी नगररचना विभागाची, मिळणारा निर्देशांक लेखी समजून घेण्यासाठी. मग आर्किटेक्टकडून पहिला कागद फक्त मोकळ्या जागांचा मागावा : खाच किंवा चौक, मागचे परसू, विहीर, टँक, गाड्यांची वाट, आणि प्रत्येक भिंतीपुढे परांचीची जागा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला याच टप्प्यावर बसवावे, नकाशा पुरा झाल्यावर नव्हे. या कागदावर मालक, आर्किटेक्ट आणि इंजिनिअर या तिघांची सहमती झाल्यावरच खोल्या मांडाव्यात, आणि सहा फ्लॅट बसत असतील तर आठाचा हट्ट धरू नये. घर उतरवण्याचा निर्णय एकदाच होतो. त्यावर उभी राहिलेली इमारत पन्नास वर्षे कोणाला तरी सांभाळावी लागते. ती सांभाळता येईल अशीच बांधणे हे मालकाचे, बिल्डरचे आणि आखणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि अरुंद प्लॉटवर ते कर्तव्य पार पाडण्याची संधी पहिल्याच कागदावर मिळते.